अंजिराच्या मुळाशी खत



अंजिराच्या झाडाचा दाखला (लूक १३:६-९) ऐकताना आपले लक्ष फळ न देणाऱ्या झाडाकडे जाते. माळ्याचे लक्ष मात्र मातीकडे आहे. मालक झाड तोडायला सांगतो. माळी मुळाशी खणून खत घालण्यासाठी एका वर्षाची मुदत मागतो.

बिघडलेली माती खरोखर सुधारते का? अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका ठिकाणी लाकडाला कीड लागू नये म्हणून आर्सेनिकयुक्त रसायन वापरले जाई. त्यामुळे तेथील माती विषारी झाली. त्याच मातीत नेचे जातीची एक वनस्पती शास्त्रज्ञांना हिरवीगार वाढलेली दिसली. ती मुळांवाटे आर्सेनिक शोषून, मातीतल्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक, आपल्या पानांत साठवत होती. हा शोध २००१ साली प्रसिद्ध झाला. हे नेचे आपल्या देशातही जुन्या भिंतींच्या भेगांत उगवते आणि आपण ते उपटून फेकतो!

परंतु विष पानांत आले म्हणजे नाहीसे झाले असे नव्हे. पाने कापून सुरक्षित जागी न्यावी लागतात. तेथेच गळू दिली तर विष पुन्हा मातीत जाते. पापाचेही असेच आहे. मनातल्या मनात खंत करून आपण थांबतो. प्रायश्चित्त संस्कारात ते बाहेर काढीत नाही. शिवाय एका हंगामात माती शुद्ध होत नाही, वर्षे लागतात. एकदा पापनिवेदन केले आणि जुनी सवय सुटली नाही, म्हणून आपण निराश का व्हावे?

शिशासारखा धातू झाडे फारसा शोषत नाहीत. तेथे मातीत कंपोस्ट, चुना किंवा फॉस्फेट मिसळतात. शिसे मातीतच राहते, पण बांधले जाते आणि पिकात कमी उतरते. आपल्या काही जखमाही जन्मभर जात नाहीत. बांधावरून दोन भावांत पडलेले वैर घ्या. झालेला अन्याय पुसता येत नसेल. पण प्रार्थनेने, संयमाने आणि प्रभूच्या कृपेने तो कडवटपणा आपण मुलांच्या ताटात उतरू न देणे शक्य आहे.

म्हणून या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. वाडीत प्लास्टिक जाळणे आणि जुन्या बॅटऱ्या पुरणे थांबवू या. आणि ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याच्या दारी आपण होऊन जाऊ या. मुदत मिळाली आहे ती खणण्यासाठी, नुसती वाट पाहण्यासाठी नव्हे.

प्रभू आपल्या मातीला आणि मनाला आशीर्वाद देवो. आमेन.