मेणाचा दावा

मेणाच्या पुतळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो सौंदर्याविषयी नसतो. 'अगदी हुबेहूब' किंवा 'हा काही तो वाटत नाही' असा निवाडा तो उभ्या उभ्या देऊन मोकळा होतो, आणि शिल्पशास्त्रातले आपल्याला ओ की ठो कळत नाही याची त्या वेळी त्याला यत्किंचित दिक्कत वाटत नाही. केरळच्या सुनील कंडल्लूर यांनी लोणावळ्यास उभारलेले मेणसंग्रहालय पाहून आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली सहलीची मंडळी परतली, म्हणजे अमका साधला, तमका फसला, तिसऱ्याचे तर नाव वाचावे लागले, अशी चर्चा पुढे कितीतरी दिवस चालू राहते. नाव वाचावे लागणे ही त्या कलेतली सर्वांत मोठी नामुष्की होय. संगमरवराच्या वा धातूच्या पुतळ्याला एवढ्या कडक तपासणीला सहसा तोंड द्यावे लागत नाही. असे का व्हावे, आणि साम्य साधले वा फसले असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय साधलेले वा फसलेले असते, याचा विचार करण्याजोगी सामग्री आमच्याच जिल्ह्यात विपुल आहे, म्हणून हा प्रपंच.

मेहनतीत कसूर होते म्हणून पुतळे फसतात, असे म्हणण्याची सोय नाही. १८३५ साली लंडनच्या बेकर स्ट्रीटवर स्थिरावलेल्या मादाम तुसाद यांच्या संस्थेत आजही ज्याचा पुतळा करावयाचा त्याच्या देहाची दोनशेहून अधिक मापे घेतली जातात, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढली जातात, मग मातीची प्रतिकृती घडवून तीवरून साचा घेतला जातो. मेण निवताना आकसते हे ध्यानी घेऊन ही प्रतिकृती मूळ देहाहून शेकडा २ इतकी मोठी ठेवतात. डोक्यावरचा केस न् केस सुईने एकेक करून मेणात रोवतात, आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागातल्या सूक्ष्म शिरा दिसाव्यात म्हणून तांबड्या रेशमाचे तंतू वापरतात. इतका साक्षीपुरावा गोळा झाल्यावर निकाल ठरल्यासारखाच असावा. पण तो तसा नसतो. फार काय, जिवंत माणसाच्या तोंडावर प्लॅस्टर ओतून थेट साचा घेतला, तरी त्याच्या ओझ्याने गाल किंचित दबतात, डोळे मिटलेलेच राहतात, ओठांची नित्याची ठेवण सैल पडते, आणि साचा उघडल्यावर हाती येते ते एका निद्रिस्त, अनोळखी गृहस्थाचे तोंड. मापे सगळी बिनचूक. माणूस तेवढा गैरहजर!

याचे कारण असे की चेहरा ही नाकडोळ्यांची गोळाबेरीज नसून तो एक अखंड व्यापार आहे. आपल्या परिचयाचा माणूस आपण ओळखतो तो त्याच्या बोलण्याआधीच्या विरामावरून, मान वळवण्याच्या ढबीवरून, हसू डोळ्यांत आधी उमटते की ओठांवर, यावरून. यांपैकी काहीही एका क्षणात नसते. पुतळ्याच्या वाट्याला मात्र एकच क्षण येतो. तो क्षण कोणता निवडावा, या एका निर्णयावर सारे अवलंबून असते, आणि हा निर्णय कोणतेही माप घेऊन होत नाही.

सचिन तेंडुलकर यांचे उदाहरण घ्या. त्यांचा मेणाचा पुतळा २००९ साली तुसाद यांच्या दालनासाठी तयार झाला. पुढे १ नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर अहमदनगरचे शिल्पकार प्रमोद कांबळे यांनी घडवलेल्या त्यांच्या भव्य पुतळ्याचे अनावरण झाले. हा पुतळा धातूचा होता खरा. पण उत्तुंग फटका मारतानाचा गतिमान क्षण पकडण्याचे धाडस त्यात असल्यामुळे त्याच्याकडूनही मेणाच्या पुतळ्याकडून करावी तशीच अपेक्षा केली गेली, आणि हा तर ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ दिसतो, अशी थट्टा देशभर झाली. ती थट्टा मला अन्यायाची वाटते, पण अकारण वाटत नाही. शतकानंतर आकाशाकडे लागलेली नजर आणि खेळपट्टीवरच्या बारीकसारीक लकबी कोट्यवधी माणसांनी २४ वर्षे पाहिल्या. प्रत्येकाच्या मनात त्या हजारो क्षणांतून गाळून उरलेला एक सचिन आहे आणि तो कोणत्याही एका क्षणाचा नाही. साक्षीदार जितके अधिक आणि त्यांनी पाहिलेले जितके ताजे, तितके शिल्पकाराचे काम बिकट. लोकप्रिय माणसाचा पुतळा सोपा, ही समजूत म्हणूनच उफराटी आहे.

आता शेगावकडे वळू. श्रीगजानन महाराज तेथे २३ फेब्रुवारी १८७८ रोजी प्रथम दृष्टीस पडले व ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधिस्थ झाले. त्यांना डोळ्यांनी पाहिलेले कोणी आज हयात असणे शक्य नाही. उरले आहे ते घराघरांच्या देवघरात, एस. टी.च्या चालकासमोर आणि किराणा दुकानाच्या गल्ल्यावर लावलेल्या तसबिरींतले रूप. पायावर पाय टाकलेली ती दिगंबर, कृश, दीर्घ आकृती आणि ती चिलीम एवढे दिसले की आमच्याकडचे चार वर्षांचे पोरही हात जोडते. गणेशोत्सवातल्या देखाव्यात कागदाच्या लगद्यापासून महाराज केलेले असतात, नाक कुठे, हनुवटी कुठे याचा मेळ नसतो, तरी एकही भाविक तक्रार करीत नाही. येथे साम्य मोजले जाते ते माणसाशी नव्हे, तसबिरीशी. आणि तसबिरीतही चेहऱ्याशी कमी, बैठकीशी अधिक.

शिर्डीचा मामला याहून नाजूक होता. साईबाबा १९१८ साली गेले आणि बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती १९५४ साली तेथे बसली. म्हणजे बाबांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे तेव्हा गावात वावरत होती. तरी ती मूर्ती मान्य झाली, एवढेच नव्हे तर पुढे बाबांचे रूप म्हणजे तीच मूर्ती, असे होऊन बसले. तालीम यांच्या हाताला यश होते हे निर्विवाद. पण त्या यशात दगडाचाही वाटा आहे असे मला वाटते. संगमरवर पांढरा असतो, त्याला कातडीचा रंग नसतो, बुबुळात ओल नसते; जे नाही ते पाहणाऱ्याने आपल्या पदरचे घालावे, अशी मुभा तो ठेवतो. मेण ही मुभा ठेवत नाही. रंग, ओल, लव, सुरकुती सगळे तेच पुरवते, आणि मग उरलेली एक गोष्ट, जिवंतपणा, तेवढी नसल्याचे एकदम डोळ्यांत भरते. मसाहिरो मोरी या जपानी अभियंत्याने १९७० साली यंत्रमानवांविषयी असेच म्हटले होते : साम्य वाढत जाते तसतशी आपुलकी वाढते, पण पूर्ण साम्याच्या अगदी अलीकडे ती अचानक कोसळून तिच्या जागी शिसारी येते.

याच्या दुसऱ्या टोकाला आमच्याकडच्या महालक्ष्म्या आहेत. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्यांचे आगमन होते, ज्येष्ठावर सोळा भाज्या, आंबील आणि पुरणाचा नैवेद्य होतो, मुळावर पाठवणी. लोखंडी सांगाड्यावर बसवलेले ते मुखवटे पिढ्यान् पिढ्या तेच असतात, आणि तरी घरातल्या बायका पूजनाच्या दिवशी 'किती प्रसन्न दिसतात' म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी 'आज चेहरा उतरला गं' असे खऱ्या कळवळ्याने बोलतात. कुणाचाही चेहरा असल्याचा दावा न करणारे ते तोंड प्रत्येक भावाला जागा देते. आपल्या जुन्या चित्रशास्त्राने सादृश्याला षडंगांत स्थान दिले ते भाव आणि लावण्य यांच्या पंक्तीला बसवून, एकट्याला नव्हे.

किंबहुना आपली जुनी परंपरा साम्याच्या नव्हे, लक्षणांच्या बळावर चालत आली. जून २०२४ मध्ये सिंदखेडराजा येथे पुरातत्त्व खात्याच्या कामात शेषशायी विष्णूची मूर्ती मातीखालून निघाली तेव्हा ती कोणाची याचा पंचनामा करावा लागला नाही : शेषाची शय्या दिसली, लक्ष्मी दिसली, ओळख पटली. डॉ. आंबेडकरांच्या गावोगावच्या पुतळ्यांतही निळा कोट, चष्मा, हातातले संविधान आणि उंचावलेले बोट यांनी हेच काम केले आहे. संसदेच्या आवारातला, १९६७ साली बसवलेला ब्रह्मेश वाघ यांचा पुतळा शिल्प म्हणून थोर आहे. एखाद्या खेड्याच्या वेशीवरचा सिमेंटचा पुतळा तसा नसतो. पण ओळखीच्या बाबतीत दोघांचा अधिकार सारखाच.

खरा पेच उभा राहतो तो त्याच सिंदखेडराजास, राजवाड्यात. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा. त्यांच्या मुद्रेचा सर्वमान्य असा समकालीन दस्तऐवज आपल्यापाशी नाही. बालशिवबासह दिसणारे त्यांचे रूप, ती नऊवारी, डोक्यावरचा पदर, कपाळावरची चंद्रकोर, हे उत्तरकालीन चित्रकार, मूर्तिकार आणि चित्रपट यांनी मिळून ठरवले. त्यात गैर काही नाही. मात्र असे रूप एकदा रूढ झाले की ते पुराव्याचा रुबाब करू लागते, हे विसरू नये. प्रत्यक्ष शिवछत्रपतींच्या बाबतीत दुसऱ्याच एका इसमाचे चित्र महाराजांचे म्हणून बराच काळ चालत आले होते आणि त्यापुढे निरांजनेही ओवाळली जात होती, वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल चित्र उजेडात आणले तेव्हा कुठे ती गैरसमजूत दूर झाली. चुकीच्या चेहऱ्याविषयीची भक्ती काही खोटी नव्हती, चेहरा तेवढा खोटा होता.

म्हणूनच पर्यटनवृद्धीच्या उत्साहात कोणी सिंदखेडराजास मेणाचे पुतळे उभारण्याची योजना पुढे मांडली, तर तिला माझा विरोध राहील. ज्यांनी आपले माप दिले, ज्यांना पाहणारे हयात आहेत, त्यांचे पुतळे मेणात खुशाल करावेत. साधले तर टाळ्या, फसले तर थट्टा, आणि दोन्हींची शहानिशा करायला माणसे आहेत. जिजाऊंची कातडी, बुबुळ, भुवईचा केस मेणात दाखवणे म्हणजे कोणीही न पाहिलेल्या गोष्टीची शपथेवर साक्ष देणे होय. त्यापेक्षा जी खरी साक्ष तेथे शाबूत आहे, म्हणजे लखुजीराजांची भव्य समाधी, राजवाड्याचे प्रवेशद्वार, मोती तलावाचा बांध आणि मूर्तींनी मढवलेली पुतळा बारव, तिच्या डागडुजीला तो पैसा लावावा. जिजाऊंची मूर्ती हवी तर दगडाची किंवा धातूची असावी, आणि तिच्या चौथऱ्यावर हे रूप कल्पनेने घडवले आहे असे शिल्पकाराच्या नावासह स्पष्ट कोरावे. तेवढ्याने भक्ती उणावेल अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. दर १२ जानेवारीला तेथे लोटणारा जनसमुदाय चेहऱ्याची रुजवात घालायला येत नसतो.