भिशीचा नंबर

मरोळ पाइपलाइनजवळच्या एका गल्लीत एक बाई राहायची. नवरा एमआयडीसीतल्या कारखान्यात लेथवर कामाला. एका पावसाळ्यात काविळीचं निमित्त झालं आणि तो गेला. पदरात दोन मुलं, डोक्यावर भाड्याची खोली. बाई मानी होती. तेरावं उरकताच एका कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जाऊ लागली. रेशन कार्ड नवऱ्याच्या नावावर होतं, ते तसंच ट्रंकेत पडून राहिलं. कुणापुढे हात पसरायचा नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. वाण्याकडून रोजचे तांदूळ आणत दोन वर्षं काढली.

गल्लीतली भिशी शेजारच्या आजी चालवायच्या. एका महिन्यात बाईचा नंबर लागला. पैसे मोजून घेताना तिचा चेहरा खुलला.

आजींनी विचारलं, "घेताना लाज नाही गं वाटली?"

"लाज कसली, आजी? दर महिन्याला भरलेत. माझेच आहेत."

"मग तुझ्या नवऱ्याने भरले, ते कुणाचे?"

बाईला उमजेना. आजींनी तिला नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणायला लावल्या. लाइट बिलांसोबत एका प्लास्टिकच्या पिशवीत घड्या घालून ठेवलेल्या, कडा तेलकट झालेल्या. आजींनी चष्मा लावला आणि एका ओळीवर बोट टेकवलं: पीएफ कपात.

"ही सरकारची भिशी समज. मागणं वेगळं आणि आपलं घेणं वेगळं."

1995 सालच्या कर्मचारी पेन्शन योजनेत नोकरीत असताना कामगार वारला, तर त्याच्या नावे एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन लागते. ती महिन्याला किमान 1,000 रुपये असते, आणि दोन मुलांना वयाच्या पंचविशीपर्यंत वेगळी मिळते. शिवाय पीएफची रक्कम आणि कामगाराच्या नावाचा विमा. विमा असतो हेच कित्येक घरांना ठाऊक नसतं.

काम सहज झालं नाही. बाईच्या आधारवर सासरचं नाव, बँकेच्या पासबुकात माहेरचं. कारखान्याच्या मालकाची सही हवी होती. प्रत्येक ठिकाणी आजी बरोबर गेल्या, रांगेत बसल्या, काही बोलल्या नाहीत. नुसतं कुणीतरी सोबत असणं फार मोठं असतं. त्याच आधारावर बाई टिकली, नाहीतर पहिल्याच खिडकीवरून परतली असती.

रेशन कार्डही दुरुस्त झालं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातल्या 18 वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईलाच कुटुंबप्रमुख मानलं आहे. प्राधान्य गटात माणशी 5 किलो, म्हणजे तिघांचं 15 किलो धान्य, आणि जानेवारी 2023 पासून तेही मोफत.

बाईने संजय गांधी निराधार योजनेसाठीही अर्ज केला, तो मात्र टिकला नाही. तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये आहे, म्हणजे महिन्याला 1,750. एवढ्यात मरोळमध्ये खोलीचं भाडंही निघत नाही. पोळ्या लाटून मुलं वाढवणारी बाई या हिशोबात गरीब ठरत नसेल, तर तो हिशोबच बदलायला हवा.

आता भिशीच्या दिवशी आजींची वही मिटली की बायका आपापल्या पिशव्या उघडतात. कुणाचा मृत्यूचा दाखला, कुणाचं जुनं पासबुक. कागद लावून द्यायला ती बाईच बसते.

तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईचे यजमान गेले असतील, तर ते कुठे कामाला होते आणि पीएफ कापला जायचा का, एवढं जरूर विचारा. जुन्या चिठ्ठ्या शोधायला सांगा, आणि जमलं तर एक दिवस तिच्याबरोबर जा. वर्षं उलटली म्हणून कुणी मागे हटू नये. विधवेची पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते. बाईला तिची दोन वर्षांची थकबाकी मिळाली.