न्यायाचें माप : माणूस कीं जमात?

एखादी जमात पिढ्यान्‌पिढ्या मागें पडली असेल, तर तिची भरपाई त्या जमातींतील गरजू माणसांना करावयाची, कीं जमातीला जमात म्हणून? वरवर पाहतां दोन्ही गोष्टी एकच वाटतात. मलेशियाचा इतिहास पाहिला म्हणजे त्या किती भिन्न आहेत हें ध्यानांत येतें.

१९५७ सालीं हा देश स्वतंत्र झाला तेव्हां राज्यसत्ता मुख्यतः मलय पुढाऱ्यांकडे, तर व्यापार परकी कंपन्या व चिनी लोक यांच्याकडे होता. ही वांटणी इंग्रजी अमदानींतील : चिनी कथिलाच्या खाणींत, तामीळ मजूर रबराच्या मळ्यांत, आणि मलय शेतकरी आपल्या भातखाचरांत. १३ मे १९६९ रोजीं क्वालालंपुरांत रक्तपात झाला. त्यानंतर १९७१ सालीं नवें आर्थिक धोरण आलें. कंपन्यांच्या भांडवलांतील मलय व इतर भूमिपुत्रांचा वांटा दोन-अडीच टक्क्यांवरून १९९० पर्यंत ३० टक्के व्हावा, असें त्यांत ठरलें. विद्यापीठांतील जागा, परवाने, सरकारी कंत्राटें हीं त्याचीं साधनें.

या धोरणाची नुसती टवाळी करणें आम्हांला मान्य नाहीं. १९७० सालीं द्वीपकल्पांतील जवळजवळ निम्मीं कुटुंबें दरिद्री होतीं; वीस वर्षांत तें प्रमाण एक-पंचमांशाच्या आंत आलें. व्यक्तीखेरीज दुसरें कांहींच मोजूं नका असें म्हणणारे हें विसरतात, कीं परकी सत्तेनें कामधंदे वांटले ते जमाती पाहूनच.

परंतु रोग ओळखण्याचें माप आणि औषध देण्याचें माप एकच असलें पाहिजे काय? राज्यघटनेनें मलय कोणास म्हणावें हें सांगितलें आहे : जो इस्लाम मानतो, मलय भाषा बोलतो व मलय रीतिरिवाज पाळतो तो. या व्याख्येला सवलती चिकटल्या, आणि ओळखीचें कुंपण हें मिळकतीचें कुंपण झालें. परवाना मलयाच्या नांवें, धंदा चिन्याचा, या भागीदारीला लोकांनीं ‘अली-बाबा’ असें मार्मिक नांव दिलें. गबर मलय कंत्राटदार आणि मलय कोळी एकाच रकान्यांत बसले. मळा मोडल्यावर रस्त्यावर आलेला तामीळ मजूर मात्र त्या रकान्याबाहेर राहिला. आम्हांस हा अन्यायच वाटतो.

आपल्याकडील राखीव जागांच्या वादांत मलेशियाचा दाखला देणाऱ्यांनीं एक भेद विसरूं नये : तेथें सवलती बहुसंख्यांकांना आहेत, आणि देणारी सत्ताहि मुख्यतः त्यांचीच.

१९९० ची मुदत केव्हांच उलटली. सवलती नव्या नांवांनीं चालूच राहिल्या. २०१८ च्या निवडणुकींत स्वातंत्र्यापासूनची सत्ताधारी आघाडी पडली. वंशभेदनिर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारण्याचा मनोदय नव्या सरकारनें बोलून दाखविला, आणि विरोध उसळतांच त्याच वर्षीं तो सोडून दिला.