काचेमागचा साक्षीदार

सोलापूर-पुणे रस्त्यावर हल्ली पुष्कळ मोटारींच्या काचेमागे लहानसा कॅमेरा बसलेला दिसतो. अपघात झाला, तर चूक कोणाची हे कळायला त्याची मदत होते. निरपराध चालकाला हा मोठाच आधार, यात शंका नाही. पण साक्षीदाराचे काम पाहण्यापाशीच संपते काय? पडलेल्याला हात द्यायला कॅमेरा खाली उतरत नाही. उतरायचे ते आपण. ‘मागे पोलिसांचे लचांड लागेल’ ही जुनी सबब. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सद्‌हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. दिवाळीला मोटारीने गावी निघालात, तर एवढे ध्यानात असू द्या : यंत्राने पाहिले, म्हणून आपले कर्तव्य फिटत नाही.