फळ्यावरची नावं

शिक्षक वर्गाबाहेर गेले की मॉनिटर खडू घेऊन फळ्याशी उभा राहतो आणि बोलणाऱ्यांची नावं लिहू लागतो. आपल्याकडे शाळा शिकलेल्या बहुतेकांनी ही यादी पाहिलेली असते. एकदा नाव लागलं की त्यापुढे फुल्या वाढत जातात. ते पुसावं म्हणून मॉनिटरची मनधरणी होते, डब्यातला खाऊ पुढे केला जातो, जुन्या भांडणाचा वचपाही निघतो. सर परततात तेव्हा वर्ग चिडीचूप असतो. त्या शांततेलाच आपण शिस्त म्हणतो, आणि मला वाटतं, आपलं चुकतं ते इथेच.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली. छडी बऱ्याच शाळांतून गेली, अपमान मात्र तिथेच राहिला. दाराबाहेर उभं करणं, सगळ्यांसमोर ‘तुझी बहीण बघ आणि तू बघ’ म्हणणं आणि ही फळ्यावरची यादी. यांचे वळ उठत नाहीत, म्हणून तक्रारही होत नाही. आठ वर्षांच्या मुलाची भर वर्गात शोभा झाली की पुढच्या तासाचं गणित त्याच्या डोक्यात शिरत नाही. ते मान खाली घालून बसतं, नाहीतर एखादी खोडी काढून गेलेली पत परत मिळवू पाहतं. मग आणखी एक फुली. ज्या वागण्याला आळा घालायचा, तेच ही यादी वाढवत राहते.

गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक चौथीच्या वर्गावर पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो. दारं-खिडक्या लावून घेतो, गप्प बसायला सांगतो, आणि वर्ग आवाज काढून, पाय आपटून त्याची दाणादाण उडवतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला घेतो. तीच मुलं कान देऊन ऐकतात. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या आणि १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू करणाऱ्या माणसाने हे लिहिलं आहे, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं. खेळात काही खोट नव्हती. मुलांना अजून या माणसाचा भरवसा वाटत नव्हता, एवढंच.

हा खेळ मूळचा मारिया माँटेसोरींचा. १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडलं. एकदा त्या काही महिन्यांचं तान्हं बाळ घेऊन वर्गात आल्या आणि याच्याइतकं शांत राहता येतं का पाहा, असं त्यांनी मुलांना सुचवलं. मुलं श्वाससुद्धा जपून घेऊ लागली. पुढे या खेळात आणखी एक भाग आला. सगळे स्तब्ध झाले की बाई पलीकडच्या खोलीतून एकेकाचं नाव हलकेच घेतात, आणि ज्याचं नाव येईल ते मूल पावलांचा आवाज न करता उठून जातं. आपलं नाव कधी येतंय, याची प्रत्येकजण वाट पाहत असतो. फळ्यावर मात्र तेच नाव येऊ नये म्हणून मुलं जीव मुठीत धरून बसतात.

शिक्षकाला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एकाकडे दोन-दोन इयत्ता. त्यात निवडणूक, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती. तिसरीला शिकवताना चौथी वाऱ्यावर असणारच, आणि तेवढ्या वेळेपुरता मॉनिटरच्या हाती खडू जातो. इथे नजरेच्या धाकावर वर्ग चालू शकत नाही, कामाच्या घडीवरच चालतो. सर आले नाहीत तरी वहीत काय करायचं हे मुलाला ठाऊक हवं, साहित्य त्याच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर हवं, अडलं तर कोणाला विचारायचं हे ठरलेलं हवं. जबाबदाऱ्या पाळीपाळीने सगळ्यांकडे याव्यात, विशेषतः ज्याला कोणी कधीच मॉनिटर करत नाही त्याच्याकडे. आणि चूक सांगायची तर जवळ जाऊन, त्या एकट्यालाच ऐकू जाईल अशी.

बीडकडची कितीतरी मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तोवर त्यांच्या जागेवर दुसरं कोणी बसलेलं असतं, धडे पुढे गेलेले असतात, जोडीदाराने नवा मित्र केलेला असतो. असं मूल पहिल्याच आठवड्यात मारामारी करतं तेव्हा ते काय सांगतंय, हे ओळखायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. त्याची जागा राखून ठेवावी. फडातल्या मोळ्या, गाडीत भरलेला ऊस, काट्यावरचं वजन यांची गणितं त्याला वर्गाला घालू द्यावीत. ती त्याच्याइतकी कोणालाच येत नसतात.

केंद्रप्रमुख शाळाभेटीला येतात तेव्हा वर्ग किती शांत आहे हे आवर्जून पाहतात. त्यांनी शिक्षकाला एवढं विचारावं, की तुमच्या वर्गातलं सगळ्यात त्रास देणारं मूल कोणतं, आणि त्याच्या घरी सध्या काय चाललंय?