पाठीवरचा पांडुरंग

आपण आषाढीला पायी पांडुरंगाकडे जातो. एका माउलीने मात्र पांडुरंगाला पाठीवर घेतले. ही कथा पुराणातली नव्हे, १८९७ सालची आहे.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा लोकांनी अंगावर शेण-चिखल फेकला. बाई बरोबर दुसरे लुगडे ठेवीत. हे आपणांस ठाऊकच आहे. शेवट नीट ऐका.

प्लेग आला. घरची माणसेसुद्धा दुखणेकऱ्याला शिवेनात! बाईंचा मुलगा यशवंत डॉक्टर. त्याने हडपसरजवळ माळावर दवाखाना मांडला. मुंढव्याला गावकुसाबाहेरच्या वस्तीत एक पोर प्लेगने पडले आहे असे कळले, तशा सहासष्ट वर्षांच्या बाई स्वतः गेल्या. पोराला पाठीवर घेतले नि दवाखान्यात आणले. पोराचे नाव काय? पांडुरंग!

बाई सत्यशोधक समाजाच्या, वारीच्या नव्हेत. पण आपण त्या वाटेने चाललो असतो, तर त्या दारात शिरलो असतो का? माझ्यापुरते सांगतो, छातीवर हात ठेवून मला हो म्हणवत नाही.

पोर वाचले. बाईंना प्लेग लागला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.