घरोबा

मैत्रीविषयीं जगांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांतील बहुतेक लिखाण एका मनुष्याच्या दुसऱ्या मनुष्याशीं जडलेल्या स्नेहाबद्दल आहे. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या दहा भागांपैकीं दोन भाग मैत्रीच्या मीमांसेला दिले, पतिपत्नींच्या परस्पर मैत्रीचाहि त्यांत विचार केला. पण दोन दांपत्यांच्या मैत्रीकडे त्याचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. आपल्या भाषेनें मात्र या नात्याला एक स्वतंत्र शब्द देऊन ठेविला आहे. तो शब्द म्हणजे घरोबा. स्नेह माणसांचा असतो, घरोबा घरांचा असतो. त्यांत दोन पुरुषांची मैत्री येते, दोन स्त्रियांची येते, एकाच्या पत्नीविषयीं दुसऱ्याला वाटणारा आदर येतो, आणि एकमेकांच्या मुलांवरचा हक्कहि येतो. यांपैकीं एक जरी धागा कच्चा असला, तरी सारी वीण सैल पडते.

हा घरोबा काळानें दृढ होतो, असें आपण सहज म्हणून जातों. वस्तुतः काळ हा केवळ जुनेपणा देतो. आणि जुनेपणा व खोली हे दोन निराळे गुण आहेत. एकाच वाड्यांत वीस वर्षें राहून, एकमेकांकडील लग्नेंमुंजी पार पाडून, बिऱ्हाड बदलतांच परस्परांना विसरलेलीं कुटुंबें कोणीं पाहिलीं नाहींत? मित्रांनीं पुष्कळ मीठ एकत्र खाल्ल्यावांचून त्यांना एकमेकांची पारख होत नाहीं, अशा अर्थाची एक म्हण ॲरिस्टॉटलनें दिली आहे. मीठ आपल्याकडेहि आहे; परंतु खाल्ल्या मिठाला जागावयाचें, तें बहुधा चाकरानें धन्याशीं. ग्रीकांचें मीठ बरोबरीच्या नात्यांतलें आहे. प्रश्न एवढाच कीं, हें मीठ म्हणजे नेमकें काय?

याचें उत्तर सुचविणारी एक हकीकत इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत आहे. कवि रॉबर्ट ब्राउनिंग व त्याची कवयित्री पत्नी एलिझाबेथ हीं विवाहानंतर इटलींत जाऊन राहिलीं. तेथें विल्यम वेटमोर स्टोरी हा अमेरिकन शिल्पकार व त्याची पत्नी एमेलिन यांच्याशीं त्यांचा परिचय झाला. १८५३ चा उन्हाळा दोन्ही कुटुंबांनीं लुक्काजवळच्या डोंगरांत शेजारीं शेजारीं मोठ्या आनंदांत घालविला. नोव्हेंबरांत ब्राउनिंग दांपत्य रोमला आलें, तेव्हां स्टोरींनीं त्यांच्यासाठीं बिऱ्हाड ठरवून, आंत विस्तव पेटवून व दिवे लावून ठेविले होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, न्याहारीहि झाली नव्हती तोंच, स्टोरींचा नोकर त्यांची लहान मुलगी एडिथ हिला घेऊन दारांत उभा राहिला. मुलाला झटके येत होते. हीं दोघें धांवत गेलीं आणि दिवसभर त्या अंथरुणाशीं बसलीं. रात्रीं आठाच्या सुमारास सहा वर्षांचा ज्यो गेला. तो जाण्यापूर्वींच एडिथहि तापानें अंथरुणाला खिळली होती.

पुढची गोष्ट एलिझाबेथनें स्वतः एका पत्रांत लिहून ठेविली आहे. सहानुभूतीचा पहिला भर ओसरल्यावर तिला आपल्या मुलाची भीति वाटूं लागली. त्याला उचलावें आणि रोम सोडून दूर निघून जावें, मग लोक कांहींहि म्हणोत, असें तिला झालें. ही भीति स्वार्थी आहे हें ती जाणत होती, आणि तिनें तसें कबूलहि केलें. पण तीं पतिपत्नी गेलीं नाहींत. तो हिंवाळा त्यांनीं रोममध्येंच काढला. एडिथ पुढें बरी झाली.

ही हकीकत मीं विद्यार्थिदशेंत प्रथम वाचली, तेव्हां ती मला साधी वाटली होती. आज ती वाचवत नाहीं. आमचा ज्या एका घराशीं अत्यंत घरोबा होता, तेथील मुलगा आमच्या मुलाच्याच वयाचा होता. तो गेला तेव्हां आम्हीं रीतीप्रमाणें समाचाराला गेलों, चार योग्य शब्द बोललों, आणि नंतर जाणेंयेणें कमी कमी होत गेलें. आपल्या मुलाला घेऊन त्या उंबऱ्यांत पाऊल टाकण्याचा धीर आम्हां दोघांना होईना. त्यांच्या दुःखाचा मान राखण्यासाठीं आपण दूर राहतों, अशी आम्हीं स्वतःची समजूत घातली. अनेक वर्षांनीं मीं माझ्या मित्राजवळ हें बोलून दाखविलें. तो शांतपणें म्हणाला, “आम्हांला तें तेव्हांच कळलें होतें. तुम्ही येऊन एवढेंच सांगितलें असतेंत, तरी पुरे झालें असतें.”

एलिझाबेथची भीति आणि आमची भीति एकच होती. ती वाटणें हा अपराध नव्हे. आईबापांच्या काळजाला ती चुकत नाहीं. अंतर पडलें तें भीतीनंतरच्या वागण्यांत. सुखदुःखाचे प्रसंग दोन घरांवर सारखेच आले म्हणजे मैत्री आपोआप खोल होते, हा समज म्हणूनच खरा नाहीं. प्रसंग केवळ परीक्षा पाहतो. आपली दुर्बलता दुसऱ्यानें पाहिली असतां, आणि त्याची आपण पाहिली असतां, दोघांनींहि पाठ फिरविली नाहीं, तर तें एकत्र खाल्लेलें मीठ होय.

पुढें २९ जून १८६१ रोजीं फ्लॉरेन्स येथें एलिझाबेथ वारली. स्टोरी लेगहॉर्नहून तिच्या अंत्यविधीला आला. ब्राउनिंगनें तें शहर सोडलें, तें कायमचें. चौघांतील एक गेलें, घर मोडलें, तरी घरोबा मोडला नाहीं. १८८९ च्या शरदांत असोलो येथें हे दोघे वृद्ध मित्र शेवटचे भेटले. आपल्या चाळीस वर्षांच्या स्नेहांत कधीं खंड पडला नाहीं, अशी ग्वाही ब्राउनिंगनें निरोप घेतांना दिली. त्याच डिसेंबरांत तो वारला.

असें म्हणण्याचा अधिकार मला उरलेला नाहीं. आमच्या घरोब्यांत खंड पडला, आणि तो आम्हींच पाडला. हल्लीं आम्ही पुन्हां एकमेकांकडे जातों; त्या घरच्या वहिनी माझ्या मुलाची चौकशी आवर्जून करतात. दर वेळीं मला उत्तर देणें जड जातें. पण आतां मी तें टाळीत नाहीं.